मामा झाडामागेच का उभे असतात? आणि दुकानात रोज विचारले जाणारे बाकीचे प्रश्न

पुण्यातल्या एका गजबजलेल्या चौकात आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्सबरोबर आरटीओचे फॉर्म भरणं, लायसनचं नूतनीकरण, ऑनलाइन चलान भरून देणं हीही कामं होतात. काउंटरच्या काचेतून सिग्नल दिसतो, सिग्नलपलीकडचं कडुलिंबाचं झाड दिसतं आणि झाडाखालचे मामा, म्हणजे वाहतूक पोलीस, दिसतात. त्यामुळे रोज दोन-चार जण तरी तावातावाने आत येतात, मोबाइल पुढे करतात आणि तेच तेच प्रश्न विचारतात. ते एकदाचे लिहून ठेवतेय. मी वकील नाही. वीस वर्षं लोकांचे कागद बघितलेत, एवढीच माझी लायकी. कोर्टाचं प्रकरण असेल तर वकील गाठा.

मामा झाडामागेच का उभे असतात? सिग्नलला समोर का नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि बाकीच्या बऱ्याच प्रश्नांचं मूळही इथेच आहे. आमच्या चौकातली थांबरेषा आणि झेब्रा पार पुसून गेलेत. मागच्या पावसाळ्यात खडी वर आली, तिच्यावर डांबराचं ठिगळ लागलं, आता पांढरा पट्टा दुभाजकाजवळ हातभर उरलाय. रोजच्या माणसाला तो ठाऊक असतो. बाहेरगावचा माणूस नेमका पट्ट्याच्या जागेवर जाऊन थांबतो, सिग्नल सुटतो आणि पंचवीस पावलांवर झाडाखालून हात बाहेर येतो. 'साइडला घ्या.' दंडाचं दुःख संध्याकाळपर्यंत विरतं. 'अडवायचं होतं तर आधी का नाही अडवलं?' हे मात्र तो घरी सांगतो, ऑफिसात सांगतो, पुढच्या दिवाळीत भावालाही सांगतो.

मी एकदा मामांनाच विचारलं. (तोंडावर अर्थात 'साहेब'. पुण्यात जो तो वाहतूक पोलिसाचा भाचा असतो, पण पाठीमागे.) ते दुपारी मोबाइल चार्जिंगला लावायला दुकानात येतात. म्हणाले, "ताई, मी सिग्नलला उभा राहिलो की सगळे सज्जन. पाठ फिरली की पुन्हा तेच. आणि एकाचं चलान करायला घेतलं की मागून पाच जण सटकतात. मी एकटा आहे हो." त्यांचं चूक नाही. पण बोलता बोलता त्यांनी एक गोष्ट कबूल केली, ते समोर दिसले की नियम पाळला जातो. मग नियम पाळला जावा असं वाटत असेल तर त्यांची जागा सिग्नलपाशी आहे, आणि माणूस सापडावा असं वाटत असेल तर झाडापाशी. ही जागा ते स्वतः ठरवत नाहीत, ही त्यांची दुसरी अडचण.

झाडामागे उभं राहणं बेकायदा नाही. अंगावर गणवेश मात्र हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० प्रमाणे गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की लायसन दाखवावं लागतं. नुसतं जाकीट घातलेल्या वॉर्डनचं काम वाहतूक नियमनाला मदत करण्याचं आहे, चलान करण्याचा अधिकार त्याला नाही.

आता माझं मत. सकाळी नऊ वाजता राँग साइडने पाण्याचा टँकर येतो, त्याला कोणी हात दाखवत नाही. सहा आसनी रिक्षा भर चौकात थांबून प्रवासी भरते, तिलाही नाही. डबा लावलेल्या स्कूटरवरची बाई थांबते, कारण ती थांबणारच असते. जो सापडायला सोपा, तोच सापडतो. लोकांना चीड आहे ती याची.

चलान माझ्या नावावर आलंय, पण फोटोतली गाडी माझी नाही. काय करू?

आधी भरून टाकू नका. 'पाचशेच तर आहेत' म्हणून भरलंत की विषय मिटला असं धरलं जातं, नंतर भांडायला जागा राहत नाही.

हा अनुभव मी स्वतः घेतलाय. माझी राखाडी मोटारसायकल. एसएमएस आला, ट्रिपल सीट. फोटो उघडला तर लाल मोपेड, तीन कॉलेजची मुलं, आणि नंबरप्लेटवर तिरकी रंगवलेली अक्षरं, त्यातल्या तीनाचा आठ वाचला गेलेला. मी शहरातल्या एका वाहतूक कार्यालयात गेले. पहिल्या खेपेला साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या खेपेला 'अर्ज लिहून आणा, आरसीची झेरॉक्स जोडा' (झेरॉक्सवालीलाच). तिसऱ्या खेपेला एका महिला कर्मचाऱ्याने फोटो मोठा करून बघितला, हसली, आणि दोन मिनिटांत रद्द केलं. दोन मिनिटांच्या कामाला तीन अर्धे दिवस. चूक मशीनची होती, माणसाची होती की मोपेडवरच्या पोरांची, मला माहीत नाही. दुरुस्त करायचा भार मात्र बिनचुकीच्या माणसावर पडला.

करायचं ते असं. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिकअॅपवर चलान उघडा, फोटो डाउनलोड करा, तिथेच तक्रारीचा पर्याय असतो तो भरा. आपल्या गाडीचा पुढून-मागून फोटो आणि आरसी जोडा. उत्तर आलं नाही तर लेखी अर्ज, आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडायचं नाही. पोच म्हणजे शिक्का, तारीख आणि सही. तोंडी 'करतो' याला पोच म्हणत नाहीत.

कॅमेऱ्याच्या चलानाला काही नियम आहेत का?

आहेत, आणि चांगले आहेत. २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम आला. त्याप्रमाणे कॅमेऱ्याला किंवा वेग मोजणाऱ्या यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, ज्या रस्त्यावर ते लावलंय तिथे आधी ठळक फलक हवा, आणि गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांच्या आत सूचना गाडीमालकाला पोचायला हवी. माझ्याकडे येणाऱ्या कागदांत सात-आठ महिन्यांनी कळलेली चलानं सर्रास असतात. बहुतेकांचा मोबाइल नंबर आरटीओच्या नोंदीत जुना असतो हे त्याचं एक कारण, तेव्हा तो आधी बदलून घ्या.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ च्या जुलैपासून कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा चालू झाली, तेव्हापासून दुकानात टॅक्सीवाल्यांची रांग आहे. कारला सपाटीवर ताशी १०० आणि घाटात ६० किलोमीटर ही मर्यादा. उतारावर मोकळ्या रस्त्यात साठवर गाडी ठेवणं कठीण जातं हे खरं. पण घाटात काय होतं हेही आपण सगळ्यांनी पाहिलंय. इथे माझी सहानुभूती अर्धीच आहे.

मामा स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढतात. चालतं का?

नाही. त्यांना सरकारने चलान मशीन दिलेलं असतं, फोटो त्यावरच काढायचा. २०२५ च्या जुलैच्या सुरुवातीला राज्यातल्या माल आणि प्रवासी वाहतूकदारांनी ई-चलानाच्या विरोधात संप पुकारला होता, तेव्हा त्यांच्या तक्रारींत ही एक ठळक होती. खाजगी फोनवर फोटो काढायचा, नंतर सवडीने बसून मशीनवर चढवायचा. पुढे काय होतं? एका जागेचा फोटो, दुसऱ्या जागेचा पत्ता, तिसरीच वेळ. खाजगी मोबाइल वापरू नका, असं परिपत्रक वरिष्ठांनी त्या वेळी काढलं. परिपत्रक आणि चौक यांच्यात पुण्यात साधारण दोन किलोमीटरचं अंतर असतं, ते कापायला वेळ लागतो.

गाडीची किल्लीच काढून घेतली!

मोटार वाहन कायदा आम्ही दुकानात ठेवलाय, किल्ली काढून घेण्याचा अधिकार त्यात कुठे लिहिलेला नाही. गाडी ताब्यात घेता येते, कलम २०७ खाली, पण त्याची कारणं ठरलेली आहेत. नोंदणी नाही, लायसन नाही, परमिट नाही, अशी. आणि ताब्यात घेतली तर पावती द्यावी लागते. लायसन जप्त केलं तरी पावती. 'आधी जुनी थकबाकी भर, मग किल्ली' हे या यादीत बसत नाही.

पण भर रस्त्यात किल्लीसाठी झोंबाझोंबी करू नका. पोलिसाला कामात अडथळा आणला किंवा हात लावला तर भारतीय न्याय संहितेची कलमं २२१ आणि १३२ लागू शकतात. पाचशेचं चलान बाजूला राहतं आणि जामिनासाठी धावाधाव सुरू होते. असं झालेला एक मुलगा आमच्याच गल्लीत आहे. त्याचं म्हणणं बरोबर होतं, पण त्याच्या वडिलांना आठ दिवस काम सोडून फिरावं लागलं.

मोबाइलमधली कागदपत्रं मान्य नाहीत म्हणतात.

मान्य आहेत. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी, लायसन, विमा, पीयूसी मूळ कागदाइतकीच चालतात. गॅलरीतला फोटो चालत नाही, इथे बहुतेक जण गोंधळतात. आणि हो, चौकात रेंज नसते. ॲपमध्ये आधीच उतरवून ठेवा.

पावती नको, 'मिटवू या' म्हणाले. काय करायचं?

पावती मागायची. मी एवढंच सांगते आणि लोक माझ्याकडे बघून हसतात. पावती पाचशेची, मांडवली दोनशेची, मग कोण पावती फाडणार? हा हिशोब दोन्ही बाजूंना पाठ आहे, म्हणून तर तो चालतो. चिरीमिरी घेणाऱ्याबद्दल तावातावाने बोलणाऱ्या माणसाने ती दिलेली असते, हे सांगताना तो स्वतःला त्या गोष्टीतून अलगद वजा करतो.

कायदा २०१८ पासून अधिक कडक झालाय, लाच देणंही गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवलं की देणारा सुटतो. कळवायचं लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला, १०६४ हा फुकटचा नंबर. ते सापळा लावतात, आणि सापळ्यासाठी मागणी सिद्ध व्हावी लागते. चौकातल्या दोनशेसाठी कोण एवढं करणार? बरोबर आहे. पण ट्रकवाले, टेम्पोवाले, ज्यांना त्याच नाक्यावर दर आठवड्याला द्यावे लागतात, त्यांनी हा नंबर लिहून ठेवावा.

गाडी टो करून नेली. मी तिथेच होतो!

टोइंगच्या गाडीवर ठेकेदाराची पोरं असतात, सोबत एक पोलीस असावा लागतो. मालक जागेवर असेल तर दंड घेऊन गाडी सोडण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात पोरं चार सेकंदांत स्कूटर उचलतात, गाडीवर जितक्या स्कूटर तितके पैसे हा त्यांचा धंदा. मग आमच्या दुकानातून माणूस हातात ओली झेरॉक्स घेऊन टेम्पोमागे धावतो. हे दृश्य आठवड्यातून दोनदा असतं.

मुंबईत मालाडला २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये आत बाई आणि तान्हं मूल असताना कार ओढून नेली गेली. व्हिडिओ देशभर फिरला, पोलीस शिपाई निलंबित झाला. नंतर दुसरा व्हिडिओ आला, आणि चूक कोणाची यावर लोकांचे दोन तट पडले. मला त्यात एवढंच कळतं की माणूस आत असताना हूक लावायचा नसतो. चूक कोणाचीही असो.



हेल्मेटवरून फक्त पुणेकरांनाच का छळतात?

छळत नाहीत. उलट जितकी सवलत पुण्याला मिळाली तितकी कोणत्याच शहराला मिळाली नसेल. कलम १२९ देशभर सारखं आहे. २०१९ च्या १ जानेवारीपासून पुण्यात कडक अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा पगड्या घालून मोर्चे निघाले. जूनमध्ये शहरातल्या आमदारांनी मुख्यमंत्र्यांकडे गाऱ्हाणं घातलं आणि रस्त्यात अडवणं थांबलं. कॅमेरा चालूच राहिला. म्हणून पुण्यात हेल्मेटचा दंड भरणारा माणूस पोलिसाला कधी भेटलेलाच नसतो. वर्षाअखेरीस गाडी विकायला काढतो तेव्हा अकरा चलानं निघतात, आणि मग तो माझ्यावर ओरडतो.

'मी शहरात चाळीसनेच चालवतो', 'मान दुखते', 'मागचं ऐकू येत नाही', 'केस गळतात', हे सगळं मी ऐकलेलं आहे. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात हेल्मेट न घातलेली ५०,०२९. मागच्या सीटवरचीही त्यात आहेत. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मागे बसणाऱ्यांवरही कारवाईचा आदेश राज्यात निघाला, तेव्हा लोकांना तो नवा कायदा वाटला. कायदा जुनाच होता, वापरात नव्हता. इथे मात्र पोलिसांना दोष द्यावाच लागतो. एखादा नियम पाच वर्षं झोपवून ठेवायचा आणि एका सोमवारी सकाळी अचानक जागा करायचा, मग लोकांना तो कायदा न वाटता मोहीम वाटते. मोहीम संपेपर्यंत हेल्मेट आरशाला लटकतं, संपली की माळ्यावर जातं.

पोलीसच हेल्मेट घालत नाहीत, त्यांना कोण धरणार?

हे कमी जणांना माहीत आहे. २०१९ च्या दुरुस्तीत कलम २१०ब आलं. हा कायदा राबवणाऱ्याने स्वतःच तो मोडला तर त्याला दुप्पट दंड. फोटो, वेळ, ठिकाण आणि गाडीचा नंबर घेऊन वाहतूक पोलिसांच्या समाजमाध्यमाच्या अधिकृत खात्यावर टाका, कारवाई झाल्याची उदाहरणं आहेत. फोटो काढताना स्वतःच्या डोक्यावर हेल्मेट आहे ना, ते आधी तपासा. एकाने तसाच सेल्फीसकट टाकला होता.

आणि दुरुस्तीबद्दल एक. केंद्राने वाढीव दंड २०१९ च्या १ सप्टेंबरला लागू केले, पण महाराष्ट्रात निवडणूक तोंडावर होती म्हणून ते थांबवले गेले. नवे दर इथे आले २०२१ च्या डिसेंबरमध्ये. निवडणुकीच्या काळात कडक कायदा सौम्य होतो हे लोक बघत असतात.

सामान्य माणसाला पावती आणि श्रीमंताच्या पोराला निबंध, असं का?

१९ मे २०२४ ची पहाट. कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाने चालवलेल्या पोर्शेने मोटारसायकलला उडवलं, दोन तरुण इंजिनिअर गेले. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध घातला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. नियंत्रण कक्षाला वेळेत कळवलं नाही म्हणून येरवडा ठाण्याचे दोन अधिकारी निलंबित झाले, ससून रुग्णालयात रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली.

मला त्यातली एक बारीक गोष्ट विसरता येत नाही, कारण माझं काम आरटीओच्या कागदांचं आहे. त्या गाडीची कायम नोंदणीच झालेली नव्हती. इलेक्ट्रिक गाडी, कर माफ, भरायचे होते फक्त १,७५८ रुपये. ते भरले नव्हते म्हणून नंबर नव्हता. दोन महिने बिननंबरची, कोटीच्या वरची गाडी शहरात फिरत होती आणि कोणत्याही झाडामागून हात बाहेर आला नाही. माझ्या दुकानात त्याच आठवड्यात एक डिलिव्हरीवाला मुलगा आला होता, नंबरप्लेटवरचा एक आकडा खरवडला गेला म्हणून दंड झालेला. कॅमेरा नंबर वाचतो. ज्याला नंबरच नाही तो कॅमेऱ्यासाठी जन्मालाच आलेला नसतो.

अल्पवयीन मुलांबद्दल कायदा काय म्हणतो तेही सांगते, कारण याच काउंटरवर आई-बाप 'क्लासला जायला देतो हो, लांब नाही' म्हणतात. कलम १९९अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. लांब असो की जवळ.

रात्री दहानंतर डीजे चालू असतो. फोन केला तर पोलीस येतात आणि जातात, आवाज तसाच. मग फोन कशाला करायचा?

करायचाच. नियम स्वच्छ आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकतं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शाळा-रुग्णालय-न्यायालयाभोवती शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी लक्ष्मी रस्त्यावर दरवर्षी आवाज मोजतात, आकडे शंभराच्या आसपास खेळतात. डेसिबलची मोजपट्टी साधी नसते, दहाने वाढला म्हणजे ध्वनीची ताकद दहापट.

मिरवणूक तीस तासांच्या आसपास चालते. त्या रात्री आमच्या काउंटरची काच थरथरते, ट्रेमधले ए-फोर कागद आपोआप पुढे सरकतात. मामा दोन्ही कानांत कापूस घालून शटरला टेकून उभे असतात, आदल्या सकाळपासून. मी त्यांना चहा दिला आणि ओरडून विचारलं, बंद का करत नाही? त्यांनी ओठांच्या हालचालीवरून ओळखलं असावं. हातानेच वर बोट दाखवलं. म्हणजे देव की साहेब की पुढारी, ते मी विचारलं नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२५ च्या जानेवारीत पोलिसांना बजावलंय. ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, कारवाई टप्प्याटप्प्याने करा, आणि तक्रारदाराचं नाव उघड करू नका. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. लोकांची खरी भीती आवाजाची नसते. 'वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकूंनी फोन केला' हे मंडळाच्या पोरांना कळण्याची असते. ११२ वर फोन करा, नाव देणार नाही म्हणून सांगा, वेळ लिहून ठेवा, दर वेळी. पाच नोंदी असल्या की अर्जाला वजन येतं.

कट्ट्यावर बसलेल्या पोरापोरींना उठवतात. हा कायदा आहे की सवय?

सवय, आणि तिला कायद्याचा शेला पांघरलेला. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ११० सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाबद्दल आहे. असभ्य म्हणजे काय हे जागेवरचा हवालदार ठरवतो, तिथेच घोळ. २०१५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मढ-आक्साच्या हॉटेलांवर छापे घालून पोलिसांनी चाळीसएक जोडपी पकडली, सज्ञान माणसं, बंद खोल्यांतली, आणि त्यांच्यावर 'सार्वजनिक' वर्तनाचं कलम लावलं. बाराशे रुपये दंड, काहींच्या घरी फोन. पुढे चौकशी लागली. शेजारी-शेजारी बसणं गुन्हा नाही. घरी फोन करण्याची धमकी हा तर कोणत्याच कलमाखालचा दंड नाही, पण सर्वांत जास्त पैसे तोच दंड गोळा करतो असा माझा अंदाज आहे.

खड्डा, पथारीवाले, फ्लेक्स, भटकी गुरं, सगळ्याला पोलीस 'आमच्याकडे येत नाही' म्हणतात.

बहुतेक वेळा खरंच येत नाही. खड्डा आणि अतिक्रमण महापालिकेचं, फ्लेक्सही तिचाच, लायसन आणि फिटनेस आरटीओचं, सिग्नल बसवणं पालिकेचं आणि चालवणं पोलिसांचं. पुसलेला झेब्रा रंगवायचा कोणी? पालिकेने. न दिसणाऱ्या झेब्र्यावर उभं राहिल्याचा दंड कोण घेतं? पोलीस. पैसे कुठे जातात? राज्याच्या तिजोरीत. झेब्रा रंगवायला परत येत नाहीत.

मी पोलिसांचा व्हिडिओ काढू शकतो का?

रस्त्यावर, कामात आडवं न येता, हो. पोलीस ठाण्यातल्या चित्रीकरणाबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलंय की पोलीस ठाणं हे शासकीय गुपितं कायद्याखालचं 'निषिद्ध ठिकाण' नाही. फोन छातीजवळ स्थिर धरा आणि गप्प राहा. बोलून बोलून लोक स्वतःचीच केस बिघडवतात.

तक्रार नेमकी कुठे करायची?

आधी वाहतूक विभागाच्या उपायुक्तांकडे लेखी. गंभीर प्रकार असेल, मारहाण, खोटी केस, पैसे उकळणं, तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंह निकालानंतर ते यायला हवं होतं, महाराष्ट्राच्या कायद्यात आलं २०१४ मध्ये. वेळ लागतो. साधा कागद चालतो, तारीखवार लिहा, विशेषणं टाळा. 'गुंडगिरी', 'हुकूमशाही' हे शब्द खोडून तिथे वेळ आणि गाडीचा नंबर लिहिला की अर्ज निम्मा होतो आणि दुप्पट वाचला जातो.

चलान भरलंच नाही तर?

राज्यात थकबाकी हजार कोटींच्या वर गेलेली आहे, म्हणजे तुम्ही एकटे नाही. लोकअदालतीची नोटीस येते, तिथे गेलात तर तडजोड होऊ शकते, सवलत मिळेलच असं नाही. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, त्यावर वकील मंडळी भांडतात. आपलं प्रकरण त्यात बसतं का हे वकिलालाच विचारा, झेरॉक्सवालीला नको.

व्हॉट्सॲपवर चलानाची लिंक आलीय, उघडू?

नाही! फाइलच्या शेवटी एपीके असेल तर हात लावू नका, बँक खातं रिकामं होतं. चलान बघायचं ते फक्त सरकारी संकेतस्थळावर, गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे आकडे टाकून.

तुम्ही चलान भरून द्यायचे किती घेता?

वीस रुपये, प्रिंटसकट. गाडी दुकानासमोर लावू नका, नो पार्किंगची पाटी आमच्याच शटरवर आहे आणि ती मीच लावलीय. टोइंगची गाडी सव्वाअकराच्या सुमाराला येते, शनिवारी थोडी आधी.